जुन्या ट्रॅक्टरचा सेल्फ घेत नाही? नागपूरकडचे शेतकरी आणि ड्रायव्हर नेहमी विचारतात ते प्रश्न

नागपुरात काटोल रोडला माझं ऑटो-इलेक्ट्रिकचं दुकान आहे. काटोल, नरखेड, कळमेश्वर, सावनेर या बाजूचे ट्रॅक्टर, थ्रेशरची इंजिनं, जुने जनरेटर असं सगळं कामाला येतं. त्यातलं बरंचसं वीस-तीस वर्षांचं जुनं असतं. दर हंगामात तेच प्रश्न येतात, म्हणून उत्तरं एकदा नीट लिहून ठेवली आहेत.

सेल्फ म्हणजे इंजिन चालू करायला ते फिरवून देणारी विजेची मोटर. एक गोष्ट आधीच सांगतो. सेल्फ खाली उतरवण्याआधी करंटचा रस्ता तपासा: बॅटरीपासून सेल्फपर्यंत जाणारा, आणि इंजिनच्या अंगातून परत बॅटरीकडे येणारा. "सेल्फ गेला" म्हणून दुकानात आलेल्या कितीतरी गाड्यांचा सेल्फ धडधाकट असतो.

भाऊ, लाइट तर फुल्ल लागतात, मग बॅटरी खराब कशी म्हणता?

हा प्रश्न मला सगळ्यात जास्त ऐकावा लागतो. ५५ वॅटचा हेडलाइटचा बल्ब साडेचार-पाच अँपिअर घेतो. पस्तीस-चाळीस एचपीचं डिझेल इंजिन फिरवायला सेल्फ २०० ते ४०० अँपिअर ओढतो, आणि पहिल्या झटक्याला त्याहूनही जास्त. म्हणजे लाइटच्या मानाने पन्नास-साठपट काम. बॅटरीच्या टर्मिनलवर पांढरी-हिरवी पूड जमली असेल, लग (वायरच्या टोकाची पकड) ढिला असेल किंवा वायरच्या दहा तारांपैकी सात आतून सडल्या असतील, तरी लाइट झकास लागतो. सेल्फ मात्र जागचा हलत नाही.

हिशोब सोपा आहे. जोडात ओहमचा फक्त दोनशेवा भाग एवढा रोध आला, तरी ३०० अँपिअरला तिथेच दीड व्होल्ट खाल्ला जातो. बारातले दीड गेले, त्यात बॅटरी जुनी, की सेल्फला काय उरलं?

मल्टिमीटर असेल तर बॅटरी रात्रभर शांत ठेवून सकाळी मोजा. १२.६ व्होल्ट म्हणजे भरलेली, १२.२ म्हणजे निम्मी, १२ च्या आसपास म्हणजे जवळजवळ रिकामी. पण खरी परीक्षा सेल्फ मारतानाची. मीटर बॅटरीवरच धरा आणि सेल्फ मारा. साडेनऊच्या खाली काटा गेला तर बॅटरी उतरलेली आहे, नाहीतर संपलेली आहे. आधी पूर्ण चार्ज करून पुन्हा बघा, लगेच नवी आणायला धावू नका. हायड्रोमीटर (ॲसिडची घनता मोजायची नळी) असेल तर बॅटरीचे सहाही खाने तपासा. एका खान्याचं रीडिंग बाकीच्यांपेक्षा ०.०५० ने खाली असेल, तर तो खाना मेला. ती बॅटरी चार्ज करून उपयोग नाही.

चावी फिरवली की एकदाच 'टक' होते आणि सगळं शांत. काहून?

'टक' झालं याचा अर्थ चावीपासून सोलेनॉइडपर्यंतची (सेल्फला करंट जोडणाऱ्या चुंबकी स्विचपर्यंतची) बारीक वायर ठीक आहे आणि सोलेनॉइडचा प्लंजर, म्हणजे आतला सरकणारा दांडा, ओढला गेला. बिघाड त्याच्या पुढे आहे. सोलेनॉइडच्या मागे दोन जाड स्टड असतात, एकावर बॅटरीची वायर आणि दुसऱ्यावरून सेल्फच्या पोटात जाणारी पट्टी. प्लंजर ओढला की आतली तांब्याची चकती या दोघांना जोडते.

आता गाडी न्यूट्रलमध्ये टाका, स्टॉप (इंजिन बंद करायची ओढणी) ओढून ठेवा आणि कुणाला तरी सीटवर बसवून चावी फिरवायला सांगा. तुम्ही मीटरची एक सळई इंजिनच्या अंगाला लावून दोन्ही स्टड आळीपाळीने बघा. बॅटरीच्या स्टडवर बारा आणि सेल्फच्या स्टडवर शून्य असेल, तर चकती जळली आहे. सोलेनॉइड खोलता येण्यासारखा असेल तर चकती उलटी करून बसवा, दुसरी बाजू कोरी असते. स्टडची आतली तोंडं घासून सपाट करा. जुन्या बनावटीचे सोलेनॉइड असे दुरुस्त होतात. नवे बहुतेक सीलबंद असतात, ते बदलावेच लागतात.

दोन्ही स्टडवर बाराच्या जवळपास येतं आणि तरी सेल्फ फिरत नाही? मग कार्बन (सेल्फच्या फिरत्या भागाला टेकून करंट देणारे ठोकळे) संपले आहेत किंवा अडकले आहेत. आणि दोन्हीकडे चार-पाच व्होल्टच उरत असेल, तर बॅटरी किंवा वायर कमजोर आहे, नाहीतर पुढे काहीतरी जाम होऊन खूप करंट ओढला जातोय.

आणि 'टकटकटकटक' असं मशीनगनसारखं वाजत असेल तर?

बहुतेक वेळा बॅटरी उतरलेली असते. सोलेनॉइडमध्ये दोन गुंडाळ्या असतात, एक प्लंजर ओढायची आणि एक धरून ठेवायची. सेल्फला करंट मिळाला की व्होल्टेज इतकं पडतं की धरणारी गुंडाळी प्लंजर सोडते. सोडला की व्होल्टेज परत वर येतं, पुन्हा ओढला जातो. म्हणून ती टकटक. बॅटरी पक्की भरलेली असूनही असंच होत असेल, तर धरणारी गुंडाळी तुटली आहे.

काहीच आवाज नाही, एकदम मुकं.

बारीक वायरच्या बाजूला बघा. चावीचा स्विच, फ्यूज असेल तर तो, आणि क्लच किंवा गियरच्या लिव्हरखालचा सेफ्टी स्विच. पावसाळ्यात उभ्या राहिलेल्या ट्रॅक्टरच्या वायरी उंदीर कुरतडतात, तेही बघा. सोलेनॉइडच्या बारीक टर्मिनलला टेस्ट लॅम्प लावून चावी फिरवा. बल्ब लागला तर दोष सोलेनॉइडकडे, नाही लागला तर मागे चावीकडे शोधत जा.

सकाळी बरोबर घेते, पण काम करून इंजिन तापलं की सेल्फ रडत रडत फिरते. असं का?

या प्रश्नाला सविस्तर उत्तर देतो, कारण यातच लोकांचे सगळ्यात जास्त पैसे वाया जातात.

तांबं तापलं की त्याचा रोध दर अंशाला सुमारे ०.४ टक्के वाढतो. हिवाळ्यातल्या सकाळी २० अंशांवर असलेला सेल्फ मेच्या दुपारी इंजिनशेजारी ८० अंशांना पोचला, तर त्याच्या गुंडाळ्यांचा रोध पाव हिश्श्याजवळ वाढतो. चांगला सेल्फ हे सहज सोसतो. पण बुश (फिरत्या दांड्याला आधार देणाऱ्या छोट्या नळ्या) झिजलेले असतील तर आर्मेचर (सेल्फचा फिरणारा भाग) खाली बसून भोवतीच्या स्थिर पोलला घासतो. दुकानात सेल्फ खोलला की आर्मेचरच्या अंगावर चकाकणारे ओरखडे दिसतात, तेच हे घासणं. अशा वेळी फक्त बुश बदलायचे. ते सच्छिद्र ब्राँझचे असतात, म्हणून बसवण्याआधी चोवीस तास इंजिन ऑइलमध्ये बुडवून ठेवायचे. कोरडा बुश ठोकून बसवला तर तो एक हंगामही टिकत नाही.

पण बुशच्याही आधी अर्थ, म्हणजे इंजिनच्या अंगातून बॅटरीच्या निगेटिव्हकडे परत येणारा जोड, बघा. धंद्याच्या सुरुवातीच्या वर्षांत नरखेडकडचे एक संत्र्याचे बागायतदार पस्तीस एचपीचा ट्रॅक्टर घेऊन आले होते. आंबिया बहाराची तोड सुरू होती. बॅटरी दोनदा बदलून झाली होती, दुसऱ्या एका ठिकाणी सेल्फ बांधूनही, म्हणजे खोलून दुरुस्त करूनही, झाला होता. मीही सेल्फ उतरवला, टेबलावर लावला, तो भिंगरीसारखा फिरला. परत चढवला, पुन्हा तेच रडणं. काका बाकावर बसून शांतपणे बघत होते, मला फार वाईट वाटलं. शेवटी मीटरची एक सळई बॅटरीच्या निगेटिव्ह खुंटीवर, दुसरी इंजिनच्या उघड्या लोखंडावर धरली आणि सेल्फ मारायला लावला. २.१ व्होल्ट. तिथे ०.३ च्या वर काही दिसायलाच नको. अर्थची पट्टी जिथे बोल्टने आवळली होती, तिथे आदल्या पोळ्याला मारलेला निळा रंग पट्टीखाली जाऊन बसला होता. पेचकसाने रंग खरवडला, खालचं लोखंड चांदीसारखं उघडं केलं, पट्टी पॉलिश पेपरने घासली, दातेरी वॉशर टाकून आवळली. पहिल्याच चावीला इंजिन उठलं.

तेव्हापासून माझा क्रम बदलला नाही. आधी अर्थ, मग पॉझिटिव्ह वायर, मग बॅटरी, मग सोलेनॉइड, आणि सगळ्यात शेवटी सेल्फ. पॉझिटिव्हच्या बाजूला बॅटरीच्या खुंटीपासून सेल्फच्या स्टडपर्यंत सेल्फ मारताना अर्ध्या व्होल्टपेक्षा जास्त पडायला नको. सळई खुंटीच्या शिशालाच टेकवा, लगाला नाही, नाहीतर लगातला दोष सापडणार नाही. आणि पोळ्याला ट्रॅक्टर रंगवणार असाल, तर अर्थच्या बोल्टवर चिकटपट्टी लावून मगच रंगवा.

सेल्फ नुसताच घुंईंग करून फिरतो, इंजिन हलत नाही.

पिनियन (सेल्फच्या टोकाचं छोटं दातेरी चाक) रिंगला (इंजिनच्या जड चाकावरच्या, म्हणजे फ्लायव्हीलवरच्या दातेरी कड्याला) लागत नाही. यात सेल्फ कोणत्या प्रकारचा आहे ते महत्त्वाचं. फार जुन्या गाड्यांवर बेंडिक्सचा सेल्फ असतो. त्यात सोलेनॉइड वेगळा आणि पिनियन आट्यांवरून सरकत पुढे जातं. या आट्यांवर लोक प्रेमाने ग्रीस लावतात, आणि तिथेच चुकतं. रामटेक-मौद्याकडे धानाच्या चिखलणीत चाललेल्या ट्रॅक्टरचा बेंडिक्स मी खोलला, तर ग्रीस आणि चिखलाचा काळा लगदा हाताला लागला. पिनियन त्यात रुतून बसलं होतं. बेंडिक्स डिझेलने धुवा, सुकवा, पातळ तेलाचं बोट फिरवा, बस.

नंतरच्या सेल्फमध्ये सोलेनॉइड सेल्फच्याच पाठीवर असतो, तो आधी पिनियन ढकलतो आणि मग करंट देतो. यात वनवे क्लच (पिनियनला एकाच बाजूने जोर देणारी जोडणी) घसरतो. हाताने पिनियन फिरवून बघा. एका बाजूला सैल फिरलं पाहिजे, दुसऱ्या बाजूला घट्ट अडकलं पाहिजे. दोन्हीकडे फिरत असेल तर बदला.

कधी घेतो, कधी खर्रर्र करून सोडून देतो. गाडी थोडी ढकलली की पुन्हा घेतो.

रिंगचे दात गेले आहेत, पण सगळीकडचे नाही. इंजिन बंद होताना ते कॉम्प्रेशनला येऊन थांबतं. त्यामुळे तीन सिलिंडरचं इंजिन दरवेळी फ्लायव्हीलच्या तीनच जागांपैकी एकीवर थांबतं, चार सिलिंडरचं दोनच जागांवर. पिनियन वर्षानुवर्षं त्याच दातांवर आपटतं, आणि बाकीची रिंग कोरी राहते. गियरमध्ये टाकून गाडी जराशी हलवली की चांगले दात समोर येतात, म्हणून ती "घेते".

हे काम पुढे ढकलू नका. तुटक्या दातांवर आपटून नवं पिनियनही लवकर जातं. रिंग गरम करून फ्लायव्हीलवर चढवतात आणि ती थंड होताना आवळून बसते. साधारण २०० अंशांच्या आसपास तापवणं पुरेसं असतं. गॅस कटरची ज्योत एकाच जागी धरून लालभडक केलीत तर दातांचं पाणी उतरतं आणि नवी रिंगही मऊ होते. ट्रॅक्टर दोन तुकड्यांत खोलावाच लागतो, तेव्हा त्याच वेळी क्लच प्लेटही बघून घ्या.

सेल्फ जोरात फिरवते, पण इंजिन चालूच होत नाही.

मग सेल्फचा दोष नाही, तो आपलं काम करतोय. स्टॉपची ओढणी पूर्ण आत गेली का, टाकीचा कॉक उघडा आहे का, फिल्टर बदलल्यावर एअर (डिझेलच्या नळीत अडकलेली हवा) काढली का, हे बघा आणि डिझेल मेकॅनिककडे जा. एअर घेतलेल्या इंजिनवर सेल्फ मारत बसून बॅटरी आणि सेल्फ दोन्ही जाळणारे लोक मी दर जूनमध्ये बघतो.

पावसाळ्यात ट्रॅक्टर महिनाभर बाहेर उभा होता. आता सेल्फ मारला की 'धप्प' करून अडकतो.

थांबा, दुसऱ्यांदा मारू नका. उभ्या सायलेन्सरवर डबा उलटा घातला नव्हता ना? पावसाचं पाणी सायलेन्सरमधून उघड्या व्हॉल्व्हच्या वाटेने सिलिंडरमध्ये उतरतं. हेड गॅस्केट गेली असेल तर रेडिएटरचंही पाणी येतं. पाणी दाबलं जात नाही. तुम्ही जोर लावत राहिलात तर कनेक्टिंग रॉड वाकतो, आणि मग खर्च दहापट होतो. इंजेक्टर काढा, इंजिन हाताने फिरवा, पाणी बाहेर पडू द्या. ऑइल पांढरट झालं असेल तर ते बदलल्याशिवाय इंजिन चालू करू नका. आणि महिनाभर गाडी उभी ठेवायची असेल तर सायलेन्सरवर डबा आणि बॅटरीची अर्थ वायर काढलेली, एवढं कराच.

आम्ही तर खालून पेचकसाने स्टड जोडून चालू करतो. त्यात काय बिघडलं?

हे मी हात जोडून सांगतो, करू नका. जमिनीवर उभं राहून सेल्फचे स्टड जोडले की चावी, क्लचचा स्विच, सगळे सेफ्टी स्विच बाजूला राहतात. गाडी गियरमध्ये असेल तर ती त्याच क्षणी पुढे निघते, आणि तुम्ही मागच्या मोठ्या चाकाच्या समोर उभे असता. जगभर ट्रॅक्टरखाली माणसं मरण्याचं हे एक ओळखीचं कारण आहे. शंभर वेळा गियर न्यूट्रल होता, म्हणून एकशे एकाव्या वेळी असेलच असं नाही. लहान मुलं घरचं बघून हे शिकतात, तेही लक्षात ठेवा. चावीचा स्विच खराब असेल तर चांगल्या बनावटीचं पुश बटण सीटवरून हाताला येईल असं लावून घ्या, आणि ते सेफ्टी स्विचच्या वायरीतूनच घ्या.

पान्याने काम करताना आधी निगेटिव्ह वायर काढा आणि शेवटी लावा. हातातलं कडं, अंगठी, घड्याळ उतरवून ठेवा. पान्याचं टोक पॉझिटिव्हला लागलं आणि अंगठी लोखंडाला टेकली तर अंगठी क्षणात लाल होते.

एका वेळी सेल्फ किती वेळ मारावा?

दहा सेकंद. मग एक मिनिट थांबा. तीन-चार वेळा करूनही उठलं नाही तर कारण शोधा. सेल्फची मोटर थोड्या वेळाच्या कामासाठीच बनवलेली असते. तिच्या अंगातून जळका वास आला की आतलं शेलॅक (तारांवरचा इन्सुलेशनचा लेप) जळायला लागलं समजा.

कळमन्याच्या बाजारात रांगेत दिवसभर उभं राहून संध्याकाळी बॅटरी उतरते. बॅटरी नवी आहे तरी.

संत्र्याची ट्रॉली घेऊन रांगेत दर पाच मिनिटांनी इंजिन बंद-चालू केलं, की प्रत्येक वेळी गेलेला करंट भरून यायला वेळच मिळत नाही. जुन्या डायनमोची गाडी असेल तर हळू चालणाऱ्या इंजिनवर तो जवळजवळ काहीच भरत नाही. अल्टरनेटर असेल तर रेस थोडी वाढवून बॅटरीवर १३.८ ते १४.४ व्होल्ट दिसायला हवेत. तेवढे नसतील तर आधी बेल्ट बघा.

आपल्याकडच्या उन्हाचाही भाग आहे. मेमध्ये पारा ४५ च्या वर जातो. दर दहा अंशांना बॅटरीच्या आतली झीज साधारण दुप्पट होते, असं धरतात. उन्हाळ्यात पंधरा दिवसांनी झाकणं उघडा. पट्ट्या बुडून वर साधारण एक सेंटिमीटर पाणी हवं. फक्त डिस्टिल्ड वॉटर टाका, बोअरचं नाही, आणि ॲसिड तर अजिबात नाही.

बॅटरी फरशीवर ठेवली की उतरते म्हणतात, खरं आहे का?

लाकडी आणि रबरी डब्यांच्या जमान्यात त्यात तथ्य होतं. आजच्या प्लास्टिकच्या डब्याला काही होत नाही. ती वापराविना ठेवल्यामुळे उतरते, फरशीमुळे नाही.

दुसऱ्या गाडीवरून जंपर कसा द्यायचा?

दोन्ही गाड्या १२ व्होल्टच्या आहेत याची खात्री करा. अमरावती रोडला वाडीकडे एखाद्या ट्रकवाल्याची मदत घेतलीत, तर कित्येक ट्रकांना २४ व्होल्ट असतात हे विसरू नका. आधी पॉझिटिव्ह ते पॉझिटिव्ह, मग चांगल्या बॅटरीचा निगेटिव्ह, आणि शेवटचं टोक बंद गाडीच्या इंजिनच्या लोखंडाला, बॅटरीपासून दूर. चार्ज होताना बॅटरीतून हायड्रोजन निघतो. शेवटच्या जोडाची ठिणगी बॅटरीवर पडली तर स्फोट होऊ शकतो. काही जुन्या इंग्रजी बनावटीच्या ट्रॅक्टरांना पॉझिटिव्ह अर्थ असतो. तिथे अंदाजाने जोडू नका.

हातोडीने सेल्फला ठोकलं की चालू होतो. चालेल का?

अडकलेला कार्बन ठोक्याने सुटतो, म्हणून एखाद वेळ चालतो. शेतात अडकलात तर लाकडाने हलकं ठोका आणि घरी या, पण दुसऱ्याच दिवशी सेल्फ खोला. कार्बन निम्म्याच्या खाली झिजले असतील तर चारही एकदम बदला, एक-दोन नाही. कम्युटेटर (कार्बन ज्यावर टेकतात तो तांब्याचा गोल भाग) बारीक सँडपेपरने पुसा. एमरी पेपर वापरू नका, त्याचे कण खाचांत अडकून शॉर्ट करतात. नव्या पद्धतीच्या काही सेल्फमध्ये आत चुंबकं चिकटवलेली असतात, ती ठोकल्याने तडकतात.

हँडल मारून चालू करता येतं का? आजोबा करायचे.

बहुतेक गाड्या पूर्वी तशाच चालू व्हायच्या. चार्ल्स केटरिंग यांनी १९११ मध्ये विजेवर चालणारा स्टार्टर बनवला आणि १९१२ च्या कॅडिलॅक मोटारींवर तो आला. माणसाशिवाय, स्वतःच चालू होणारा म्हणून सेल्फ-स्टार्टर. आपल्याकडे त्यातला फक्त 'सेल्फ' राहिला. विहिरीवरचं एका सिलिंडरचं इंजिन आजही हँडलने चालतं. अंगठा दांड्याभोवती गुंडाळू नका, चार बोटांच्याच बाजूला ठेवा. इंजिन उलटं मारलं तर हात सुटतो, मनगट मोडत नाही. डीकॉम्प्रेशनची (सिलिंडरमधला दाब सोडणारी) लिव्हर असेल तर ती उचलून वेग घ्या आणि मग सोडा. तीन सिलिंडरच्या ट्रॅक्टरला हा नाद करू नका.

जुना सेल्फ बांधावा की नवा घ्यावा?

बुश, कार्बन, सोलेनॉइड, पिनियन एवढंच गेलं असेल तर बिनधास्त बांधा. जुन्या सेल्फचं लोखंड आणि तांबं भरीव असतं. आर्मेचर जळलं असेल आणि फिल्ड कॉइलही (पोलवरची स्थिर गुंडाळी) काळी पडली असेल, तर नव्याचा भाव विचारून मग ठरवा. गियर रिडक्शनचा (आत गियर असलेला) सेल्फ कमी करंट ओढतो, थकल्या बॅटरीवरही इंजिन फिरवतो. पण घेण्याआधी पिनियनचे दात मोजा, आणि बोल्टची भोकं व पिनियनची लांबी जुन्याशी टेबलावर शेजारी ठेवून जुळवा.

मीटर नाही. मग घरी काय बघू?

रात्री हेडलाइट लावा आणि सेल्फ मारा. लाइट तसाच राहिला आणि सेल्फ गप्प, तर करंट सेल्फपर्यंत जातच नाही किंवा कार्बन टेकत नाहीत. लाइट पार विझला, तर बॅटरी रिकामी, टर्मिनल सैल, नाहीतर इंजिन जाम. मग टर्मिनलना आणि अर्थच्या बोल्टला हात लावून बघा, आधी कडं-अंगठी काढून. दहा सेकंद सेल्फ मारल्यावर जो जोड कोमट लागेल, दोष तिथेच आहे.

फोनवर विचारायचं असेल तर काय सांगू?

आवाज कोणता येतो ते सांगा, टक, टकटक, घुंईंग, खर्रर्र की काहीच नाही. इंजिन थंड असताना होतं की गरम. लाइट मंद होतो की नाही. बॅटरी कधीची आहे, आणि शेवटचं काम काय झालं. रंग मारला असेल तर तेही.